गोळी चालू होते, पण टिकत का नाही? (गावची शुगर, बीपी आणि आपलं उपकेंद्र)

उपकेंद्रवाला

सातारा जिल्ह्यात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. शिक्षण बीएएमएस, वर सहा महिन्यांचा कोर्स. गावाचं नाव लिहीत नाही, लोक लगेच ओळखतात.

आमच्याकडे तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासायची असते. आशाताई घरोघरी जाऊन सी-बॅक फॉर्म (आजाराचा धोका गुणांत मोजायचा फॉर्म) भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, अंगमेहनत, आईवडिलांना शुगर-बीपी होती का. चारच्या वर गुण गेले की त्या माणसाला तपासणीला आधी बोलवायचं. कागदावर सोपं आहे. कमरेच्या घेराची तर गंमतच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडल्यावर वाचायची. पण भर अंगणात सासूसमोर कोण पदर बाजूला करणार? मग टेप निऱ्यांवरून फिरते आणि आकडा भलताच येतो. पुरुष म्हणतात, 'लिवा की, चौतीसची प्यांट हाय.' पँट पोटाखाली बांधलेली असते हे दिसत असतं समोर. बाईला ८०, पुरुषाला ९० सेंटीमीटरच्या पुढे धोका धरायचा, तर या चौतिशीचं काय करायचं?

पण माझा प्रश्न हा नाही. माणसं सापडतात. शिबिरं होतात, वारीत तपासणी होते, मशिनं आहेत, शुगर तपासायच्या पट्ट्याही बहुतेक वेळा असतात. सापडलेल्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतो, तिथले वैद्यकीय अधिकारी गोळी सुरू करतात, पुढची दर महिन्याची गोळी आमच्या उपकेंद्रातच मिळते, फुकट. तरी दोन-तीन महिन्यांत निम्मे चेहरे दिसेनासे होतात. घरी गेलं की 'आता बरं वाटतंय.'

इथे बरेच जण गावाकडचे आहात. तुमच्या घरातल्या माणसांनी गोळी का सोडली, ते सांगाल का? उपदेश नकोत, कारणं हवीत.

---

चिंगी

आमच्या आत्याने सोडली कारण पायाला सूज आली. शेजारणीने सांगितलं, गोळीने किडनी जाते. झालं.

---

उपकेंद्रवाला

चिंगी, बीपीची पहिली गोळी बहुतेक अम्लोडिपिन असते. तिने काही जणांच्या घोट्याशी सूज येते. किडनी खराब होऊन नव्हे, त्या औषधाचाच तो ठरलेला त्रास आहे. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा गोळी बदलतात. किडनी जाते ती बीपी वर्षानुवर्षं वर राहिल्याने. आत्यांना पुन्हा घेऊन जा, पण आधी एवढं सांगा की सूज आली हे डॉक्टरांना सांगायचं असतं. आमच्याकडे लोक सांगत नाहीत, डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसतात आणि यायचंच बंद करतात.

---

रोखठोक_पुणे

मला यातलं काही पटत नाही. जिभेवर ताबा नाही, चालणं नाही, दिवसभर मोबाईल. मग शुगर होणारच. गावातसुद्धा आता दारात गाडी लावून चौकातल्या टपरीवर वडापाव. सरकारने किती गोळ्या वाटायच्या?

---

सायकलवाली

मी आशा आहे, बीड जिल्ह्यातली. रोखठोक दादा, एक दिवस माझ्यासोबत चला. माझ्या यादीत शुगरवाली बाई आहे, वजन पंचेचाळीस किलो. पहाटे उठून पाणी, सैपाक, मग रानात, संध्याकाळी परत चूल. तिची जीभ कशाने सुटली? रेशनवर गहू-तांदूळ मिळतो तोच घरात शिजतो. ज्वारी विकत घ्यायची तर भाव बघा. भाजी बाजारच्या दिवशी आणली ती दोन दिवस, नंतर पिठलं नाहीतर ठेचा-भाकर. पाच रुपयाचा फरसाणचा पुडा मात्र गावात चारी कोपऱ्याला हाय.

आन आम्हाला एका फॉर्ममागं दहा रुपये. ते पण कधी येतील तवा.

---

गोदाकाठ

सायकलवालीताईंना अनुमोदन. पंचेचाळीस किलोच्या बाईला मधुमेह, हे अपवाद म्हणून सोडून देण्यासारखं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आयुष्यभर हेच दाखवलंय. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा जोडफोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. दिसायला बारीक, आतून चरबी. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधली साडेतीन. पण या लहानखुऱ्या बाळांत कमी होतं ते मांस, चरबी बऱ्यापैकी टिकून. म्हणजे हाडकुळ्या बाळापासूनच पुढच्या शुगरची तयारी.

म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा कमरेची टेप जास्त खरं बोलते. आणि तीच निऱ्यांवरून फिरते, हे वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या २४ टक्के बायका जास्त वजनाच्या आणि जवळजवळ १९ टक्के अशक्त निघाल्या. बऱ्याचदा एकाच घरात दोन्ही: सून अशक्त, सासू जाड, शुगर दोघींना.

---

लंडनची_माई

इथे इंग्लंडमध्येही दक्षिण आशियाई लोकांसाठी बीएमआयची पट्टी वेगळी आहे. गोऱ्यांना २५ ला जास्त वजन म्हणतात, आम्हाला २३ पासूनच सावध करतात आणि २७.५ ला जास्त धोका धरतात. मला दवाखान्यातल्या नर्सने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, बाई, माझ्या माहेरी मला अजून 'किती वाळलीस' म्हणतात.

---

मांडवी

गोव्यातून हजेरी. आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेह सर्वेक्षणाचा २०२३ चा अहवाल आला तेव्हा मधुमेहात आमचा नंबर देशात पहिला, २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४. आमच्याकडे गाव आणि शहर असा फरक आता फारसा उरलेला नाही. सकाळी पाव, दुपारी शीतकडी (भात-आमटी), रात्री परत शीत. पूर्वी हेच खाऊन माणसं शेतात आणि मानशीवर (खाडीच्या बांधाच्या दारावर) राबायची, आता तेवढंच खाऊन ऑफिसात बसतात. शीत सोडायला सांगाल तर कोणी ऐकणार नाही. शीत वाढायचा पेला लहान करा म्हणून सांगितलं तर ऐकतात.

---

गोदाकाठ

त्याच अहवालातली एक गोष्ट राहून गेली. मधुमेह शहरात १६.४ आणि ग्रामीण भागात ८.९ टक्के. पण मधुमेहाच्या उंबऱ्यावर असलेले शहरात १५.४ आणि खेड्यात १५.२. म्हणजे खेडं फक्त थोडं मागून येतंय.

---

पेन्शनर_वर्धा

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी प्राथमिक आरोग्य केंद्रातून वैद्यकीय अधिकारी म्हणून निवृत्त झालो. २०१७ च्या अखेरीस उच्च रक्तदाबाचा जो राष्ट्रीय उपक्रम निघाला, त्यात महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे म्हणजे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. २०२२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. पुरस्काराचं सोडा, त्यातली मला पटलेली गोष्ट अगदी साधी होती: औषधाची पायरी, म्हणजे कोणती गोळी आधी आणि कोणती नंतर, ठरवून द्या.

त्याआधी काय व्हायचं? मी एक गोळी लिहायचो, माझ्या जागी येणारा दुसरी, तालुक्याचा फिजिशियन तिसरी. भांडारात तिन्ही थोड्या थोड्या. त्यामुळे तिन्ही संपायच्या. पेशंटला म्हणायचं, 'बाहेरून घ्या.' बाहेरून एकदा घेतो, दुसऱ्यांदा घेत नाही. एकच पायरी ठरली की इंडेंट (भांडाराकडे औषधांची मागणी) सोपा होतो. अमुक इतके रुग्ण, गुणिले तीस गोळ्या, अधिक थोडा राखीव साठा. कारकुनालाही जमतं.

दुसरं, तीस दिवसांची गोळी एकदम द्यायची. आमच्या काळात तीन दिवसांची, फार तर सात दिवसांची द्यायची पद्धत होती. तापाच्या गोळीसारखी! ओपीडी सकाळची, त्याच वेळी शेतमजुरी. बाईने दर आठवड्याला दिवसाची मजुरी मोडून तुमच्या दारात रांग लावावी? मी लावली नसती.

तिसरं, गोळी घराजवळ मिळायला हवी, ते आता उपकेंद्रामुळे बरंच झालंय. तरी तुमचे चेहरे गायब होत असतील तर आधी साठ्याचं रजिस्टर बघा. गेल्या सहा महिन्यांत कोणती गोळी किती दिवस नव्हती? त्या दिवसांत येऊन रिकाम्या हाताने गेलेली माणसं तुमच्या गायब यादीत सापडतील, पैज लावतो.

---

उपकेंद्रवाला

सर, पैज लावत नाही, हरेन. पावसाळ्यात शुगरचं मेटफॉर्मिन काही दिवस नव्हतं. मी लोकांना 'पुढच्या मंगळवारी या' म्हणून सांगितलं होतं. उद्या रजिस्टर आणि यादी शेजारी ठेवून बघतो.

---

रानवेडा

सगळं ठीक, पण ही औषधं म्हणजे कंपन्यांचा धंदा. एकदा गोळी लागली की जन्मभर. आमच्याकडे एक जण जांभळाच्या बियांची पूड आणि कारल्याचा रस घेऊन बरा झाला.

---

पेन्शनर_वर्धा

मेटफॉर्मिन आणि अम्लोडिपिन या कुणा एका कंपनीच्या मक्तेदारीच्या गोळ्या नाहीत. पेटंट कधीच संपलंय. बाजारातल्या सर्वांत स्वस्त औषधांत मोडतात आणि उपकेंद्रात तर फुकट. यात धंदा करणारा फार हुशार असला पाहिजे.

कारलं खा, भाजी म्हणून उत्तम. त्या बरे झालेल्या गृहस्थांची तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणजे एचबीएवनसी बघितली का? साडेसहाच्या खाली औषधाशिवाय असेल तर मीच त्यांना भेटायला येतो. वजन खूप उतरवलं तर काहींची साखर खरंच ताब्यात येते, विशेषतः आजार नवा असताना. मग श्रेय उतरलेल्या वजनाला द्या, बियांना कशाला?

---

पाटावरवंटा

स्वयंपाकघरातून बोलते. माझ्या सासऱ्यांना बीपी निघालं तेव्हा 'मीठ कमी करा' एवढंच सांगितलं. कमी म्हणजे किती? शेवटी मीच हिशोब घातला. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, त्यात सगळं आलं. आम्ही घरात चौघं. दिवसाला २० ग्रॅम. म्हणजे किलोचा पुडा ५० दिवस जायला हवा. आमचा महिनाही जात नव्हता! आणि यात विकतचं लोणचं, पापड, फरसाण, बिस्किटं धरलेलीच नाहीत.

सासऱ्यांना वेगळं आळणी वाढलं की ताट सरकवतात. म्हणून सगळ्यांचंच कमी केलं. भाकरीच्या पिठातलं मीठ बंद, भातातलं बंद, ताटातली मिठाची वाटी उचलली. आमटीत कोकम आणि लसूण वाढवला. पहिले दिवस सगळे कुरकुरले, मग जिभेला तेच बरं वाटू लागलं. आता बाहेरची भाजी खारट लागते.

एक गोष्ट मात्र जमली नाही. ठेचा. ठेच्यात मीठ कमी घातलं की तो ठेचा राहात नाही, नुसती मिरची होते. आठवड्यातून एकदा, बोटाएवढा, यावर तह झालाय.

---

रानवेडा

घरी विचारलं. तिघं आहोत. किलोचा पुडा तीन आठवडे.

---

पाटावरवंटा

😀 तुमचं कारलं नेमकं मिठात चोळून पिळून करतात का, तेही विचारा.

---

चिंगी

उपासाचं कोणी बोलत नाही. आमच्या आत्याचे गुरुवार, एकादशी, चतुर्थी, श्रावणातले सोमवार. साबुदाण्याची खिचडी ताटभर, आणि शुगरची गोळी मात्र 'आज उपास आहे' म्हणून नाही!

---

उपकेंद्रवाला

चिंगी, हा मुद्दा यायलाच हवा होता. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्या दिवशी साखर चढते. आणि काही जण उलटं करतात: गोळी घेतात आणि निर्जळी धरतात. मेटफॉर्मिन एकट्याने साखर फारशी खाली पाडत नाही, पण ग्लिमेपिराइड ही शुगरची दुसरी गोळी पाडते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. असं झालं तर ताबडतोब साखर-पाणी किंवा गूळ द्यायचा, शुगरचा पेशंट आहे म्हणून थांबायचं नाही. हल्ली दिवसातून दोनदाच जेवायची पद्धत गावोगाव पोचली आहे. वजन उतरलेले लोक मीही बघतो. पण ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असताना कुणाला न विचारता ती सुरू करू नका.

आमच्याकडे नवरात्रात मी यादी काढून कोण किती कडक उपास करणार ते आधीच विचारतो. देवाशी भांडायचं नाही, गोळीची वेळ तेवढी जुळवून घ्यायची. खिचडीऐवजी दही, ताक, शेंगदाण्याची आमटी आणि थोडी भगर यावर बहुतेक जणी तयार होतात. भगरही जपूनच.

---

रोखठोक_पुणे

सायकलवालीताई, पंचेचाळीस किलोचं उदाहरण पटलं. पण जाड माणसंही वाढली आहेत हे मान्य कराल?

---

सायकलवाली

हाव, वाढलीत ना. आमच्या गावात बायका म्हणतात, ऑपरेशन झाल्यावर अंग सुटलं. कुटुंब नियोजनाचं. ऑपरेशननं नाही सुटत हो. तीस-बत्तीस वय होतं, लेकरं मोठी होतात, पाणी घरात नळाला आलेलं असतं, पिठाची गिरणी दारात. आन नवऱ्याची चार पैशाची कमाई वाढली तर बाई रानात जायची बंद होते, ती घराची इज्जत. तिला चालायला जा म्हणलं तर कुठं जाईल? रस्त्यानं नुसती चालणारी बाई बघितली की लोक विचारतेत, 'कुठं निघाली, काय झालं?' आम्ही चौघी-पाचजणी मिळून शाळेच्या मैदानात फिरायला लागलो, तवा बाकीच्या आल्या. एकटीनं नाही जमत.

जाड झाली तर सासरचे खूश. 'अंगावर सुख दिसतंय.' तिला वजन कमी कर म्हणायची माझी हिंमत व्हत नाही, मी फक्त बीपी मोजते.

आन मशेरी! ते कोण लिहिणार? सकाळी दोनदा, दुपारी एकदा. फॉर्मवर तंबाखू विचारलं की 'न्हाई बाई' म्हणतात, कारण मशेरीला त्या तंबाखू धरतच नाहीत. मी आता 'दात कशानं घासता' असं विचारते.

---

उपकेंद्रवाला

ताई, हे 'दात कशानं घासता' मी उचलतो.

मशेरी लावून, चहा पिऊन, बांधावरून चालत आलेल्या बाईची बीपी मोजली की ती वर दिसणारच. अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून बसवायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर, बोलायचं नाही. हे शेवटचं सर्वांत अवघड. पोलक्याची घट्ट बाही गुंडाळून वर सारली तर तीच दंडाला आवळते. जाड दंडाला मशिनचा छोटा पट्टा लावला तर आकडा फुगतो. आणि एकदा १४०/९० च्या वर आलं म्हणून लगेच शिक्का नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. शिबिरात एका टेबलावर शंभर माणसं असली की यातलं काय होतं ते तुम्हीच समजा. काही जण गोळी सोडतात, कारण त्यांना मुळात बीपी नसतंच.

ताई, तुम्हाला एक विचारायचं होतं. दिवाळीनंतर तुमच्या भागातल्या ऊसतोड टोळ्या आमच्याकडे उतरतात. उसाच्या फडाशेजारी कोप्या (झोपड्या) पडल्या की मी तिकडे जातो. माणूस म्हणतो बीपीची गोळी चालू होती. कुठली? खिशातून कागदाची पुडी निघते, आत कापलेल्या पट्टीचे तुकडे, नावाचा भाग नेमका गेलेला. 'पांढरी बारीक गोळी.' सगळ्याच पांढऱ्या आणि बारीक!

---

सायकलवाली

तुमच्याकडं उतरतात ती आमचीच माणसं. उचल (आगाऊ पैसे) घेतली की मुकादम गाडी कधी लावील सांगता येत नाही, रात्रीतून जातात. मी जायच्या आधी गोळ्या न्या म्हणते, तर केंद्रात एकाच महिन्याच्या देतेत. मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. तिकडं खाडा झाला की पैसे कापतेत, मग दवाखान्यात कोण जाणार? परत आल्यावर एकाचं तोंड वाकडं झालेलं असतं.

मी करते काय, कार्डाचा फोटो काढून त्यांच्याच मोबाईलवर ठेवते. गोळीचं नाव, मात्रा, शेवटची बीपी. कोयत्यातल्या (ऊस तोडणाऱ्या जोडीतल्या) दोघांपैकी एकाकडं तरी फोन असतो. तुम्ही फडावर गेलात की 'फोटो दाखवा' म्हणा.

---

पेन्शनर_वर्धा

उत्तम. आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) असेल तर तोही त्याच फोटोत घ्या. आणि धागाकर्त्या, तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगून हंगामाच्या आधीच टोळ्यांसाठी जादा गोळ्या इंडेंटमध्ये धरा. टोळ्या दरवर्षी येतात, पाहुणे म्हणून मोजायचं कारण नाही.

ताई, तुमच्याकडेही स्थलांतरितांना दोन-तीन महिन्यांची गोळी द्या म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी मागा. नावांची यादी जोडा. तोंडी मागणीला उत्तर मिळत नाही, कागदाला द्यावं लागतं. जुना सरकारी नोकर म्हणून सांगतो.

---

सायकलवाली

लिहिते सर. यादी माझ्याकडं तयारच हाय.

---

उपकेंद्रवाला

रजिस्टर बघितलं. सर बरोबर होते. मेटफॉर्मिन नसलेल्या दिवसांत येऊन गेलेले बरेच जण नंतर आलेच नाहीत. त्यांच्या घरी फेरी सुरू केली आहे. एक आजोबा म्हणाले, 'तुमीच म्हनला गोळी न्हाई. मला वाटलं आता लागत न्हाई.'

वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून मंगळवारी संध्याकाळी पाच ते सात फक्त गोळ्यांसाठी उपकेंद्र उघडं ठेवतोय. बाया रानातून परतताना घेऊन जातात.

---

मांडवी

ही वेळ आमच्याकडे पण हवी.

---

रानवेडा

एक प्रश्न. परवा तालुक्याच्या शिबिरात माझी शुगर १६८ आली. जेवून दीडेक तास झाला होता. मला मधुमेह आहे का? बायको म्हणते विचारा, कारल्यावर भरवसा ठेवू नका.

---

उपकेंद्रवाला

एवढ्यावरून आहेही म्हणता येत नाही आणि नाहीही. शिबिरात १४० च्या वर आलं की पुढची तपासणी करायची, एवढाच त्याचा अर्थ. शिरेतून रक्त देऊन उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची बघा. उपाशी १२६ किंवा दोन तासांनी २०० आणि त्यापुढे आली, तर एकदा पुन्हा करून पक्कं करतात. आदल्या रात्री नेहमीसारखं जेवा, मुद्दाम कमी नको. रात्री दहानंतर काही खायचं नाही. सकाळी पाणी चालेल, चहा नको, बिनसाखरेचाही नको. कारल्याचा रस त्या दिवशी राहू द्या. आणि आधी कंबर मोजा, पँटचा नंबर सांगू नका.